बेथेल आणि खोटं बोलणारा याकोब

जालना शहराजवळ १८६०च्या दशकात एक ख्रिस्ती गाव वसलं. वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक, जन्माने ब्राह्मण. हा मुलूख तेव्हा निजामाचा होता. सालारजंग दिवाण असताना सरकारने जमीन दिली आणि तिच्यावर घरं, शेती, शाळा, प्रार्थनामंदिर उभं राहिलं. राहायला आले ते बहुतेक मांग समाजातून ख्रिस्ती झालेले लोक. गावाला शेषाद्रींनी बायबलमधल्या एका जुन्या ठिकाणाचं नाव दिलं : बेथेल. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ देवाचं घर.

हे नाव पहिल्यांदा ज्याने उच्चारलं, तो माणूस मात्र खोटं बोलून घरातून पळाला होता.

उत्पत्तीच्या पुस्तकातली ही कथा मराठी ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही पाठ असते. म्हातारा इसहाक आंधळा झाला आहे. मरण्यापूर्वी थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यावा, असं त्याच्या मनात आहे. आई रिबका धाकट्या याकोबाला पुढे करते. एसाव अंगाने केसाळ, म्हणून याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळते, थोरल्याचे कपडे चढवते, हातात शिजवलेलं मटण देते. बाप विचारतो, तू कोण? याकोब सांगतो, मी एसाव. आवाज बापाला खटकतो, तो हात चाचपून पाहतो, पुन्हा एकदा विचारतो, आणि मुलगा पुन्हा खोटं सांगतो. आशीर्वाद मिळतो. एसाव जिवावर उठतो, तेव्हा याकोब पळ काढतो. वाटेत रात्र होते, एक धोंडा उशाला घेऊन तो झोपतो. स्वप्नात पृथ्वीपासून आकाशापर्यंत पोचलेली शिडी दिसते आणि देव त्याच्याशी बोलतो. सकाळी उठून तो त्या जागेला नाव देतो : बेथेल.

देवाने त्याला झापलं नाही. खोट्याने मिळवलेला आशीर्वाद परतही घेतला नाही. ख्रिस्ती धर्मचिंतकांना हा प्रसंग सोळाशे वर्षांहून अधिक काळ अस्वस्थ करत आला आहे. खोटं बोलणं पाप असेल, तर हे काय आहे? आणि एखाद्या वेळी ते पाप नसेल, तर ती वेळ ओळखायची कशी?

दहा आज्ञांमध्ये ‘खोटं बोलू नका’ अशी सरसकट आज्ञा नाही, हे अनेकांना माहीत नसतं. तिथे मनाई आहे ती शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याला. भाषा पंचायतीची, न्यायनिवाड्याची आहे : तुझ्या शब्दाने दुसऱ्याचं घर बुडेल, मान जाईल, तसा शब्द काढू नकोस. पुढे मात्र बायबलचा सूर कडक होत जातो. येशू डोंगरावरच्या प्रवचनात शपथाच नको म्हणतो, कारण होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, एवढं पुरायला हवं. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग मागे ठेवतं आणि सगळे दिल्याचं भासवतं. दोघंही जागच्या जागी मरून पडतात.

आणि त्याच ग्रंथात शिप्रा आणि पुवा आहेत. इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका, असा मिसरच्या फारोचा या दोन सुइणींना हुकूम होता. त्या मुलं जगवतात. फारो जाब विचारतो तेव्हा सांगतात, या बाया फार दणकट, आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात. देवाने त्यांचं भलं केलं, असं ग्रंथ सांगतो. यरीहो शहरातली राहाब ही वेश्या दोन हेरांना घराच्या धाब्यावर अंबाडीच्या काटक्यांखाली लपवते आणि राजाच्या माणसांना सांगते, ते निघून गेले, पाठलाग करा, सापडतील. नव्या करारात दोन ठिकाणी, इब्री लोकांस पत्रात आणि याकोबाच्या पत्रात, तिचं नाव आदराने घेतलं आहे.

मग राहाबचं खोटं चालतं आणि सप्पीराचं का नाही?

या प्रश्नाला पहिलं सविस्तर उत्तर दिलं ऑगस्टिनने. उत्तर आफ्रिकेतल्या, आजच्या अल्जीरियातल्या या बिशपने खोटेपणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, एक सुमारे ३९५ साली, दुसरा सुमारे ४२० साली. त्याचं म्हणणं असं, की जीभ मिळाली आहे ती मनातलं बाहेर आणायला. मनात एक आणि ओठांवर दुसरं, तेही फसवण्याच्या हेतूने, हे खोटं. आणि कुठलंही खोटं पाप आहे, जीव वाचवण्यासाठी बोललेलंसुद्धा. त्याने खोट्याचे आठ प्रकार पाडले, काही फार वाईट, काही कमी वाईट. पण एकालाही परवाना दिला नाही. सुइणींना आणि राहाबला बक्षीस मिळालं ते दयेबद्दल, खोट्याबद्दल नव्हे, असं तो सांगतो. याकोबाच्या बाबतीत मात्र तो वेगळी वाट धरतो : ती कातडी, ते सोंग हे पुढे येणाऱ्या एका गूढ गोष्टीचं चिन्ह होतं, म्हणून त्याला खोटं म्हणताच येत नाही. मला हे उत्तर कधी पटलं नाही. इतका सरळ माणूस इथे स्वतःच्याच नियमातून पळवाट काढतो, असं वाटतं.

पण या दोनांतल्या पहिल्या ग्रंथात त्याने सांगितलेली एक हकीकत वाचून मी थांबले. थागास्त हे ऑगस्टिनचं जन्मगाव. तिथे पूर्वी फर्मस नावाचा बिशप होऊन गेला. त्याने एका माणसाला लपवलं होतं आणि सम्राटाचे शिपाई त्याला शोधत आले. फर्मस म्हणाला, मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. शिपायांनी त्याचे हाल केले, तरी तो बधला नाही. शेवटी त्याला सम्राटापुढे नेलं आणि सम्राटाने लपवलेल्या माणसाला माफी दिली. फर्मसने गुपित राखलं, खोटंही बोलला नाही, आणि त्याची किंमत आपल्या अंगावर घेतली. लपवणं आणि खोटं बोलणं यांत ऑगस्टिनने केलेला हा फरक ख्रिस्ती नीतीत आजवर टिकून आहे. न सांगण्याचा हक्क माणसाला आहे, भलतंच सांगण्याचा नाही.

सगळेच त्याच्या मताचे नव्हते. योहान क्रिसोस्टम या पूर्वेकडच्या धर्मगुरूने चांगल्या हेतूने केलेल्या फसवणुकीची उघड बाजू घेतली. योहान कॅसियन या मठवाशाने खोट्याला विषारी औषधी मुळीची उपमा दिली : प्राणघातक दुखण्यात दिली तर वाचवते, एरवी दिली तर मारते. आपल्याकडे बचनागाबद्दल वैद्य हेच सांगतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातच ख्रिस्ती विचाराचे दोन फाटे फुटले होते. पश्चिमेत ऑगस्टिनचा फाटा रुंद झाला, एवढंच.

मराठी वाचकाला यात काही नवखं वाटायचं कारण नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. नेहमी खरंच बोलायचं, असं व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोरांना भिऊन लोक रानात लपले. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं, त्याने खरी वाट दाखवली, लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. फर्मस आणि कौशिक दोघंही खरं बोलणारे. पण फर्मसच्या सत्याचे घाव फर्मसच्या अंगावर पडले आणि कौशिकाच्या सत्याचे लपलेल्यांच्या. माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे : खरं बोलण्याची किंमत कोण मोजतो?

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ऑगस्टिनचा नियम थोडा सैल केला. दुसऱ्याला इजा करणारं खोटं हे महापाप. थट्टेतलं किंवा कुणाच्या सोयीसाठीचं खोटं पापच, पण हलकं. पुढे कॅथलिक पंडितांनी एक चलाख पळवाट काढली : अर्धं वाक्य मोठ्याने बोलायचं, अर्धं मनात. आपल्याकडे युधिष्ठिराच्या ‘नरो वा कुंजरो वा’ने हेच केलं आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. रोममध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली मनात अर्धं वाक्य राखण्याचा हा प्रकार निषिद्ध ठरवला. वाद मात्र मिटला नाही. १९९२ साली कॅथलिक चर्चचा नवा धर्मशिक्षण ग्रंथ निघाला, तेव्हा खोट्याच्या व्याख्येत एक अट होती : सत्य जाणण्याचा ज्याला हक्क आहे, त्याला फसवणं म्हणजे खोटं. या अटीप्रमाणे फारोला किंवा शिपायाला फसवणं खोट्यात मोडलं नसतं. १९९७च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ती अट वगळली गेली. ऑगस्टिन पुन्हा जिंकला.

विसाव्या शतकात हा प्रश्न पुस्तकांतून उठून घरांच्या दारात येऊन उभा राहिला. हॉलंडमधल्या हार्लेम गावी टेन बूम नावाचं घड्याळजींचं कुटुंब होतं, अतिशय श्रद्धाळू. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या गावात या घराने ज्यू लोकांना आसरा दिला. धाकटी मुलगी कोरी हिने पुढे, १९७१ साली, या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्यात दोन बहिणींची दोन उत्तरं आहेत. कोरीने चोरीची रेशनकार्डं मिळवली, शिपायांना थापा मारल्या, मध्यरात्री झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी घरात कुणी नाही असंच तोंडातून निघावं याचा सराव केला. तिची बहीण नॉली खोटं बोलायला तयार नव्हती. तिच्या घरी शिपाई आले आणि तिथे राहणाऱ्या ॲनालीज नावाच्या मुलीकडे बोट दाखवून विचारलं, ही ज्यू आहे का? नॉली म्हणाली, हो. दोघींना पकडलं. आपल्या सत्यामुळे देव त्या मुलीचं वाईट होऊ देणार नाही, असा निरोप नॉलीने तुरुंगातून पाठवला. काही दिवसांतच भूमिगतांनी धाड घालून ॲनालीजसह चाळीस ज्यूंना सोडवलं.

ही हकीकत अनेक प्रवचनांत नॉलीच्या श्रद्धेचा विजय म्हणून सांगितली जाते. माझं मत तसं नाही. नॉलीने फक्त स्वतःचं स्वातंत्र्य पणाला लावलं असतं, तर मी तिला फर्मसच्या शेजारी बसवलं असतं. तिने पणाला लावला तो त्या मुलीचा जीव, तोही तिला न विचारता. मुलगी सुटली ही भूमिगतांची मर्दुमकी. कोरीच्या घरावर २८ फेब्रुवारी १९४४ रोजी धाड पडली. वडील कैदेत वारले, बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत. पण भिंतीमागे लपलेली सहा माणसं शिपायांना सापडली नाहीत. ती सहा माणसं मला कोरीच्या बाजूची साक्ष वाटतात.

याच काळात जर्मनीत डिट्रिख बोनहोफर हा पाळक बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होता. हिटलरविरुद्धच्या कटातला म्हणून ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिली. तुरुंगात त्याने ‘सत्य बोलणं म्हणजे काय’ या प्रश्नावर एक निबंध लिहायला घेतला. तो अपुराच राहिला. त्यातलं एक उदाहरण साधं आहे. शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतो, तुझा बाप दारू पिऊन घरी येतो का? गोष्ट खरी आहे. मुलगा म्हणतो, नाही. शब्दाने तो खोटं बोलला. पण असा प्रश्न विचारण्याचा शिक्षकाला अधिकार नव्हता, आणि आपलं घर झाकण्याचं मुलाचं कर्तव्य होतं. मुलाने बापाची गोष्ट वर्गापुढे उघड केली असती, त्यापेक्षा त्याच्या त्या खोट्यात जास्त सत्य आहे आणि त्या खोट्याचा सगळा दोष शिक्षकाकडे जातो, असं बोनहोफर म्हणतो. ऑगस्टिनपासून सगळे उत्तर देणाऱ्याचं मन तपासत आले. बोनहोफरने प्रश्न विचारणाऱ्यालाही उभं केलं.

ही गोष्ट मनात ठेवून पुन्हा जालन्याकडे वळते.

नारायण शेषाद्रींनी स्वतःची श्रद्धा लपवली नाही. १३ सप्टेंबर १८४३ रोजी मुंबईत त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनऱ्यांच्या घरी राहायला आला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मणांत फूट पडली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावं या बाजूने झगडले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. नारायणरावांनी उघडपणे खरं सांगितलं आणि भाऊ गमावला.

त्याच पिढीत दुसरी वाटही होती. १८४९च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत दाखल होताना जातिभेद मानत नाही याची खूण म्हणून पाव खावा लागे, पण सभासदांची नावं गुप्त. सुमारे १८६० साली सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटण्याची वेळ आली आणि सभा मोडली. तिचे एक सभासद बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला. गुप्त श्रद्धेपासून उघड श्रद्धेपर्यंतचा आपला प्रवास त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मांडला.

हे बहुतेक शिकलेले, वरच्या जातींतले लोक. बेथेलमध्ये आलेल्या मांग कुटुंबांच्या नातवंडा-पतवंडांसमोर स्वतंत्र भारतात प्रश्न आला तो एका छापील रकान्यातून. १९५० साली अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद सांगतो, की ठरावीक धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानता येणार नाही. सुरुवातीला तो धर्म फक्त हिंदू होता. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. एका वस्तीतले, एका आज्याचे तीन नातू : एक हिंदू, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. गावाने तिघांच्या आज्याला एकाच विहिरीवरून हाकललं. जातीचा दाखला मात्र दोघांनाच.

म्हणून मराठवाड्यातच नव्हे, देशभर अनेक घरांत रविवारची उपासना एक सांगते आणि शाळेच्या दाखल्यावरचा धर्माचा रकाना दुसरं. हे खोटं आहे का? सरसकट ‘हो’ म्हणणाऱ्याने थोडं थांबावं. काहींनी बाप्तिस्मा घेतलेलाच नसतो, फक्त प्रार्थनेला बसतात. काहींचा रकाना आजोबांच्या वेळी मास्तरांनी भरला आणि तोच उतरत आला. ते न सांगणं आहे, फर्मसच्या बाजूचं. पण जो बाप्तिस्मा घेऊन, प्रभुभोजन घेऊन, समजून-उमजून प्रतिज्ञापत्रावर हिंदू लिहितो, त्याचं काय?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी यावर कठोर उत्तर दिलं. पुदुच्चेरीच्या एका महिलेचा बाप्तिस्मा झाला होता, ती नियमित चर्चला जात होती, आणि नोकरीसाठी हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ऑगस्टिनने याहून वेगळं काही सांगितलं नसतं. आणि खरं सांगायचं तर कोरी टेन बूमची बाजूही इथे उभी करता येत नाही. दारात मारेकरी नाही. राखीव जागा मोजक्या असतात, आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको म्हणणाऱ्या आज्ञेतला शेजारी इथे दुसऱ्या वाड्यातला तितकाच गरीब मुलगा असू शकतो.

पण बोनहोफरचा शिक्षकही मला या रकान्यामागे उभा दिसतो. अस्पृश्यता माणसाच्या देवाकडे पाहून पाळली गेली नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती धुतली गेली नाही, हे चर्चमधल्या वेगळ्या बाकांनी आणि वेगळ्या स्मशानांनीही दाखवलं आहे. ज्याचं उत्तर खरं दिलं तर लेकराची शिष्यवृत्ती जाते आणि खोटं दिलं तर श्रद्धा, असा प्रश्न विचारणाऱ्या राज्याला दोषातून मोकळं सोडता येत नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ सालीच अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला.

याकोबाची कथा बेथेलला संपत नाही. ज्याने बापाला फसवलं त्याला मामा लाबानाने फसवलं, धाकटी मुलगी राहेल म्हणून थोरली लेआ गळ्यात बांधली. म्हातारपणी त्याच्याच मुलांनी आपल्या भावाचा, योसेफाचा, अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकला. करडांच्या कातड्याचं खोटं बकऱ्याच्या रक्तातून परत आलं. पण त्याआधी, वीस वर्षांनी एसावाला भेटायला निघालेल्या याकोबाला यब्बोक ओढ्याकाठी एका अनोळखी पुरुषाने रात्रभर झुंजवलं आणि विचारलं, तुझं नाव काय? बापाने विचारलेलाच हा प्रश्न. या वेळी तो म्हणाला, याकोब. दुसऱ्या दिवशी एसाव धावत आला आणि त्याच्या गळ्यात पडला.

ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलजनांना माझी विनंती आहे. रकाना भरणाऱ्या आईबापांना व्यासपीठावरून पापी म्हणण्याआधी त्यांच्या मुलांच्या फीची सोय करा, आणि जो खरं लिहील त्याला त्याची किंमत एकट्याला मोजू देऊ नका. खरं सांगून भाऊ गमावलेल्या माणसाने बेथेल वसवलं. तिथल्या लोकांच्या पतवंडांना खरं लिहिताना निदान सोबत मिळायला हवी.